सात दिवस भक्कम, आठव्या दिवसापासून ढिली: बेने इस्राएल जमातीची सुखदुःखाची सेवा

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरात कुणी गेलं, की पहिला फोन डॉक्टरांना जातो आणि दुसरा मशिदीत. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, जुनी माणसं अजूनही मशीदच म्हणतात. शमुवेल दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत बांधलेलं शाआर हारहामीम ही आपली जुनी मशीद, आणि मस्जिद स्टेशनाला नाव तिच्यावरूनच मिळालं असं जमातीत सांगतात. त्या दुसऱ्या फोननंतर जी माणसं दारात येऊन उभी राहतात, त्यांच्या सेवेचं हे परीक्षण आहे. मृताची आंघोळ आणि कफन, दुखवट्यातलं जेवण, मृतासाठी म्हणायच्या कद्दीश प्रार्थनेला दहा माणसं, इस्पितळातली सोबत, अडलेल्या घराला गुपचूप दिलेला पैसा, एवढं सगळं तिच्यात येतं. कुठल्या एका मशिदीकडे बोट दाखवायचं नाही. गावोगाव ही सेवा एकाच वळणाने चालते. तिचं बळ सारखं आणि उणिवाही सारख्याच.

निकाल आधीच सांगितलेला बरा. मृत्यूपासून दुखवट्याच्या सातव्या दिवसापर्यंत पाचपैकी पाच तारे, आणि ते देताना हात आखडत नाही. आजारपणातल्या सेवेला तीन. आठव्या दिवसापासून पुढच्या वर्षभराला दोन, आणि तेही काही घरांत सेवेकरी बायका आपणहून जात राहतात म्हणून.

बोलावायचं कसं, ते आधी. मुकादम हा एकेका मशिदीच्या जमातीचा प्रमुख, चौगुला त्याचा मदतनीस, गब्बाय खजिनदार, हाझान प्रार्थना चालवणारा आणि शमाश मशीद सांभाळणारा. अडीअडचणीला लोक मानाने मुकादमांना फोन लावतात आणि ते कामावर असले की अर्धा तास तिथेच जातो. आधी हाझान किंवा शमाश यांना गाठा. पुढची साखळी तेच हलवतात. फोनवर पाच गोष्टी एका दमात सांगा: माणसाचं नाव आणि हिब्रू नाव, घरी गेले की इस्पितळात, किती वाजता, डॉक्टरांचा दाखला हातात आहे का, आणि इस्राएलहून कुणाची वाट बघायची आहे का. हिब्रू नाव ऐनवेळी कुणालाच आठवत नाही. लग्नाच्या केथुबेत, म्हणजे विवाहाच्या करारपत्रात, ते लिहिलेलं असतं, म्हणून तिची झेरॉक्स आधारकार्डाच्या प्रतीसोबत एकाच पाकिटात ठेवा.

आता ताहारा, म्हणजे मृताची शुद्धीची आंघोळ. या सेवेचा हा कणा आहे, आणि इथले सेवेकरी जे करतात त्याला तोड नाही. पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायकाच आंघोळ घालतात. चौघं लागतात, पाचवा असला तर दाराशी उभा राहून लागेल ते आत देतो. अंगावर सतत चादर असते. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडायचा आणि लगेच झाकायचा. चेहरा खाली करून कधी झोपवायचं नाही, डाव्या-उजव्या कुशीवर वळवायचं. देहावरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला वस्तू द्यायची नाही. पायांकडून फिरून जायचं. बोलणं कामापुरतंच, तेही हळू.

आधी कोमट पाण्याने साफसफाई होते: डोकं, मान, उजवी बाजू, डावी बाजू, मग पाठ. नखांखालचा मळ लाकडी काडीने काढतात. चिकटपट्टीचे डाग राहिलेले असतात, ते थोडं तेल लावून सोडवावे लागतात. ओढून काढले तर कातडी निघते, वृद्धांची तर हमखास. त्यानंतर मुख्य धार. परंपरेने ९ काव (हे जुनं हिब्रू माप) पाणी सांगितलंय. काव किती लिटरचा यावर मतं आहेत, पण आठ-आठ लिटरच्या तीन बादल्या, म्हणजे २४ लिटर घेतलं की शंका राहत नाही. पहिली बादली संपायच्या आत दुसरीची धार सुरू व्हायला हवी, आणि दुसरी संपायच्या आत तिसरीची. मध्ये धार तुटली तर तिन्ही बादल्या पुन्हा भरून पहिल्यापासून. नवखे सेवेकरी चुकतात ते इथेच. भरलेली बादली खांद्याच्या उंचीला नेऊन एका लयीत ओतणं ताकदीचं काम आहे, आणि साठी ओलांडलेल्या दोघांवर ते सोपवलं की हात थरथरतो, धार तुटते. बादली ओतणारे तिघं वयाने तरुण घ्यावेत, आणि मोठ्यांनी डोक्याजवळ उभं राहून सांगावं, ही वाटणी योग्य. पाण्याची वेळ ही दुसरी अडचण. कबरस्तानातल्या नळाला दुपारी पाणी नसतं. जिथे शमाश सकाळीच पिंप भरून ठेवतो तिथे खोळंबा होत नाही. जिथे ही सवय नाही तिथे टँकरची वाट बघत घरचे बाहेर उन्हात उभे राहतात.

कफनाचं कापड पांढरं, सुती, साधं मांजरपाट. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तेच. सदरा, विजार, वरचा झगा, कमरपट्टा, डोक्याचं वस्त्र आणि गुंडाळायची चादर असा पूर्ण संच करायचा तर ३६ इंची पन्ह्याचं साधारण १२ ते १४ मीटर कापड धरून चालावं. शिवण मोठ्या धावदोऱ्याची, दोऱ्याला शेवटी गाठ मारायची नाही, खिसा ठेवायचा नाही. पट्टाही गाठ न मारता पीळ देऊन खोचतात. बऱ्याच ठिकाणी त्या पिळाचा ‘शीन’ या हिब्रू अक्षरासारखा आकार करतात. नवं कापड एकदा धुऊन, वाळवून मगच शिवा. खळ असलेलं कापड ओल्या देहावर सरकत नाही, दंडाला अडकतं, आणि मग ओढाताण होते. पुरुषाला त्याच्या सिसिथमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शालीत गुंडाळतात आणि तिचा एक गोंडा कापतात. शाल घरून आणायला लोक विसरतात आणि ऐनवेळी कुणीतरी दुसऱ्याची देतं. माणसाने पन्नास वर्षं खांद्यावर घेतलेली शाल कपाटात राहून जाते. हाझानने पहिल्याच फोनवर आठवण करावी, एवढंच याला औषध.

शेवटी सेवेकरी मृताला नावाने हाक मारून, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा, असं म्हणतात. खोलीत दुसरं कुणी नसतं. या सेवेचं मोठेपण बघायचं तर त्या वाक्यात बघावं. ज्याला ती केली तो तिची परतफेड करू शकत नाही, म्हणूनच आपल्याकडे तिला ‘हेसेद शेल एमेथ’, खऱ्याखुऱ्या मायेचं काम म्हणतात.

इस्पितळात मृत्यू झाला असेल तर एक काम सेवेकरी यायच्या आत घरच्यांनी करायचं: सलाइनची सुई, नळ्या, कॅथेटर परिचारिकेकडून काढून घ्या आणि सुईच्या जागी घट्ट पट्टी बांधून मागा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या सुईच्या भोकातून नंतरही रक्त झिरपत राहतं आणि कफन खराब होतं. मृत्यूच्या वेळी सांडलेलं रक्त माणसाबरोबरच पुरायचं असतं, म्हणून रक्ताळलेली चादर किंवा पट्टी इस्पितळाच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. पिशवीत घालून सोबत न्या.

कागदपत्रांत ही माणसं चांगली मुरलेली आहेत. इस्पितळातल्या मृत्यूला नमुना ४, घरी झालेल्याला नमुना ४अ, यावर डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून सही करतात. त्या सहीशिवाय दफन नाही. घरी गेलेल्या वृद्धांच्या बाबतीत घोळ होतो तो असा: ज्या डॉक्टरांनी त्यांना कित्येक महिन्यांत तपासलेलं नाही, ते दाखला द्यायला कचरतात, आणि त्यांचं चूक नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिन्यातून एकदा तरी फॅमिली डॉक्टर बघून जातील आणि चिठ्ठी लिहून ठेवतील, एवढी व्यवस्था आधीच हवी. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन टळत नाही. अशा वेळी सेवेकऱ्याने वाद घालू नये. लवकर उरकून देण्याची विनंती करावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी आणि दाखल्याच्या निदान दहा प्रती काढाव्यात. त्या कुठेकुठे लागतात ते पुढे येईलच.

शुक्रवारचा मृत्यू ही खरी परीक्षा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दफन होत नाही आणि शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासाताच्या पुढे. समजा हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी नऊला माणूस गेला. अकरापर्यंत दाखला, त्याच वेळी कबर खणायला सांगितलेली, बारापर्यंत शववाहिनी, एक ते अडीच ताहारा, तीनला दफन, म्हणजे घरच्यांना परत येऊन हात धुऊन दिवा लावायला वेळ मिळतो. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाकडे दिला तरच हे जमतं. एकच माणूस दाखल्यासाठीही धावतोय आणि कबरीचंही बघतोय असं झालं की दुपारी दोनला कळतं, खणणारा आलेलाच नाही. मुलं इस्राएलहून येणार असतील तर मृताच्या मानासाठी थांबायला धर्माची हरकत नाही. मग बर्फाची पेटी भाड्याने घ्यावी लागते आणि देहाजवळ रात्रभर कुणीतरी तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचत बसतं. या पाळ्या सेवेकरी दोन-दोन तासांच्या लावतात आणि चोख पाळतात.

दफनानंतर दुखवट्याला बसलेल्या माणसाने पहिलं जेवण स्वतःच्या घरचं जेवायचं नाही, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं. उकडलेली अंडी, अख्खा मसूर, भाकरी किंवा पाव. अंडं आणि मसूर दोन्ही गोल, तोंड नसलेले; शोकातल्या माणसालाही तोंड उघडवत नाही. सहा माणसांना १२ अंडी आणि पाव किलो मसूर पुरतो. दफनाचा दिवस हा पहिला दिवस आणि सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसून उठायचं, म्हणून ‘सात दिवसांचे डबे’ म्हणजे चौदा जेवणं नव्हेत. सोमवारी दुपारी दफन झालं तर सोमवार रात्रीचं एक, मंगळवार ते शनिवार दहा आणि रविवार सकाळचा नाश्ता: बारा डबे. त्यातले शुक्रवार रात्रीचा आणि शनिवार दुपारचा असे दोन्ही शुक्रवारी दिवसाउजेडी शिजून पोचायला हवेत. हे गणित कागदावर मांडणारी एक बाई जमातीत असली की सगळं सुरळीत चालतं.

नसली की काय होतं, तेही तितकंच ठरलेलं. पहिल्या दिवशी पाच घरांतून वरणभात येतो, पाचव्या दिवशी कुणाकडूनच काही नाही. मधुमेह असलेल्या माणसासमोर तीन प्रकारचे गोड पदार्थ. रक्तदाब असलेल्याला लोणचं-पापड. एकीने मटण पाठवलं आणि दुसरीने दही, मग दुधाचं-मांसाचं एकत्र नको म्हणून एक डबा तसाच परत. याला सोपा तोडगा जमातीच्या स्वयंपाकात आधीपासूनच आहे: नारळाच्या दुधातलं बिरडं, आमटी, खवल्यांच्या माशाचं कालवण. गाईम्हशीचं दूध नाही, मांस नाही, त्यामुळे कशाबरोबरही चालतं. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनाही काहीतरी आणायचं असतं आणि त्यांना ‘चालणार नाही’ म्हणून तोडून टाकणं फार वाईट दिसतं. त्यांना फळं, शहाळी आणायला सांगा. डब्यावर तो कुणाचा त्या घराचं नाव तेलरंगाने घातलेलं असावं आणि रिकामे डबे गोळा करायचं काम सेवेकऱ्याचंच असावं. दुखवट्यातल्या घराने सातव्या दिवशी बावीस डबे घासून कुणाचा कोणता हे शोधत बसणं ही सेवा नव्हे.

भेटायला येणाऱ्यांसाठी नियम जुना आणि शहाणा आहे: शोकातला माणूस स्वतः बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. जमातीतली वडीलधारी माणसं हा नियम अजून पाळतात. येऊन खाली बसतात, अर्धा तास गप्प राहतात, पाणी भरून ठेवतात आणि जातात. त्या घराला यासारखा आधार नाही. ‘नेमकं काय झालं हो?’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना दारातल्या सेवेकऱ्याने नम्रपणे आवरावं.

मिनियानची, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा जण जमवण्याची, बाब दरवर्षी अधिक कठीण होत चालली आहे. कद्दीशला दहा पुरुष लागतात. जमातीचा मोठा भाग इस्राएलला गेला, जे राहिले ते ठाणे, कल्याण, मीरा रोडला पांगले. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या जुन्या मशिदींच्या आसपास मोजकी घरं उरली. सकाळी साडेसहाला दहा जण जमवायचे तर चौदा जणांना सांगावं लागतं. दहालाच सांगितलं तर आठ येतात. मिनहा ही संध्याकाळची आणि आरवीथ ही रात्रीची प्रार्थना सूर्यास्ताला लागून एकत्र ठेवली तर माणसाची एकच फेरी होते. ज्या जमातींनी ही वेळ धरली तिथे सातही दिवस दहा भरतात. कोकणातल्या घरासाठी मुंबईहून गाडी करून माणसं नेणारे सेवेकरी आहेत. त्यांना निदान गाडीभाडं तरी जमातीच्या पेटीतून मिळायला हवं. ते मागत नाहीत, म्हणून कुणी देतही नाही.

इथवर पाच तारे. आता आजारपण.

आजाऱ्याची भेट, बिकूर होलीम, ही आपल्याकडे मोठी मित्स्वा, म्हणजे धर्माने सांगितलेलं सत्कर्म. भेटीला येणारा आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो असं तालमूदात, आपल्या जुन्या धर्मग्रंथात, म्हटलंय. तिथेच रब्बी अकिवांची गोष्ट आहे: ते आजारी शिष्याकडे गेले, त्यांच्यामुळे जमीन झाडून पाणी शिंपडलं गेलं आणि शिष्य बरा झाला. भेट म्हणजे झाडलोट, एवढं स्पष्ट सांगून ठेवलेलं असताना आपली भेट मात्र पलंगाशेजारी खुर्ची, सफरचंदाची पिशवी आणि वीस मिनिटं गप्पा यातच अडकली आहे. शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ तर सांगतो की जवळच्यांनी लगेच जावं, इतरांनी तीन दिवस थांबावं, आणि पोटाच्या आजाराच्या किंवा बोलणं जड जाणाऱ्या रुग्णाच्या खोलीत शिरू नये. बाहेरच्या खोलीत उभं राहून काय लागतं ते विचारावं. प्रत्यक्षात शनिवारी प्रार्थना सुटली की बारा जण एकदम वॉर्डात जातात.

सेवेकरी कमी पडतात ते रात्री. सरकारी इस्पितळात रुग्णाजवळ एक माणूस लागतोच: रक्ताचा नमुना पोचवायला, बाहेरून औषध आणायला, रिपोर्ट शोधायला. मुलं इस्राएलमध्ये अश्दोद किंवा दिमोनाला, नवरा पंच्याहत्तरीचा. रात्री नऊ ते सकाळी सातची सोबत कोण करणार? दिवसा भेटणारे वीस आणि रात्री राहणारा एक, हे सगळीकडचं चित्र. ज्या गटांनी भेटींची यादी बंद करून रात्रींची यादी सुरू केली, आणि एका माणसाला आठवड्यात एकच रात्र असा नियम ठेवला, त्यांचे सेवेकरी टिकले. लागोपाठ तीन रात्री जागलेला माणूस चौथ्या वेळी फोन उचलत नाही, आणि त्याला बोल लावता येत नाही.

रक्तदात्यांची यादी हवी आणि ती ताजी हवी. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं, बाईला चार महिन्यांचं अंतर लागतं; यादीत शेवटच्या दानाची तारीख नसेल तर सहा फोन वाया जातात. सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचारांचं) आधीच काढून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वय आधारकार्डावरून धरतात. जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख चुकलेली सापडते; ती दुरुस्ती इस्पितळात दाखल झाल्यावर होत नाही.

आणि फोटो. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो ‘प्रार्थना करा’ म्हणून जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तात्काळ थांबलं पाहिजे. प्रार्थनेला नाव आणि आईचं नाव पुरतं.

पैशांच्या मदतीत जुने नियम पाळणाऱ्या जमाती आणि न पाळणाऱ्या जमाती यांत डोळ्यांत भरणारा फरक आहे. तालमूदाचा दंडक असा की दानाचा पैसा दोघांनी गोळा करावा आणि तिघांनी वाटावा. म्हणजे एकट्याच्या हातात पेटी नाही आणि एकट्याच्या मर्जीवर कुणाची चूल नाही. मायमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यांत सर्वांत वरची म्हणजे माणसाला बिनव्याजी कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभं करणं. बिनव्याजी कर्जाची पेटी ज्या गटाकडे आहे तिथे शिलाई यंत्र, रिक्षाची दुरुस्ती, मुलीची नर्सिंगची फी अशी कामं निघतात. हप्ता घ्यायला सेवेकऱ्याने घरी जाऊ नये. चाळीत एकदा ते माणूस दिसलं की चार तोंडं बोलतात. हप्ता बँकेत, आणि हिशेबाच्या वहीत नावाऐवजी क्रमांक. औषधाचे पैसे थेट औषधवाल्याला, किराण्याचे थेट दुकानदाराला द्यावेत. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी, आपल्या शिळ्या सणाला, गरिबांना देण्याची आणि एकमेकांकडे जाण्याची जुनी रीत आहे. त्या निमित्ताने सगळ्याच घरांना सारखी पाकिटं-पिशव्या जातात, आणि गरज असलेल्याची पिशवी थोडी जड असली तर कुणाला कळत नाही. पेसाह सणाच्या आधीचा मात्साह (बिनखमिराची रोटी) आणि तांदूळही असाच पोचवावा.

मग आठवा दिवस उजाडतो. सतरंज्या गुंडाळल्या जातात, डबे थांबतात आणि घरात एकटी बाई उरते.

सेवा सर्वांत ढिली पडते ती इथे, आणि कारण सरळ आहे: पहिल्या सात दिवसांचा नियम लिहिलेला आहे, प्रत्येकाला आपलं काम पाठ आहे, पुढच्या दिवसांचा नियम आहे तो शोक करणाऱ्यासाठी, तिसाव्या दिवसापर्यंतचा आणि कद्दीशच्या अकरा महिन्यांचा. सेवेकऱ्याने त्या काळात काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ‘काही लागलं तर सांगा हं’ असं म्हणून सगळे निघतात. ती सांगत नाही. आपली माणसं रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, इस्पितळांत नोकऱ्या केलेली, मानी. हात पसरायची सवय नाही.

विचारायची पद्धत बदलली की उत्तर येतं. ‘काकी, पेन्शनचे कागद घेऊन मी बुधवारी सकाळी दहाला बँकेत जातोय, तुम्ही तयार राहता का?’ याला ‘हो’ म्हणायला संकोच वाटत नाही. दुसऱ्या आठवड्यात बँक आणि कौटुंबिक पेन्शन, तिसऱ्यात गॅस आणि विजेचं बिल नावावर करणं, महिना सरायच्या आत सोसायटीच्या भागदाखल्याचा अर्ज. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला लागतो. त्या दहा प्रती इथे खर्ची पडतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. हे एका सेवेकऱ्याच्या अंगावर न टाकता दोघांना वाटून द्या, आणि त्यात एक बाई असू द्या. अकरा महिने संपत आले की कबरीच्या दगडाचं बघायचं असतं. हिब्रू अक्षरं कोरणारे कारागीर कमी, त्यामुळे अक्षरन् अक्षर हाझानने कागदावर तपासून सही केल्याशिवाय कोरायला देऊ नये. ‘दालेथ’ आणि ‘रेश’ या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल दगडावर दुरुस्त होत नाही.

इस्राएलमधल्या मुलांशी आठवड्याला एकदा बोलणंही सेवेतच धरावं. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. शुक्रवारी आपल्याकडे दुपारी दोन-तीनला फोन लावला तर ते घरी असतात. त्यांचा शब्बाथ लागल्यावर पाळणारी मुलं फोन उचलणार नाहीत आणि आई उगाच घाबरेल.

या ढिल्या काळातली एक सेवा मात्र सगळ्या जमातींनी उचलावी अशी आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे: शुक्रवारची शरबताची बाटली. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, आपण काळ्या मनुकांचा शरबत वापरतो. १०० ग्रॅम मनुका धुऊन दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या. दोन घरांना पुरतो. मुंबईच्या उकाड्यात तो संध्याकाळपर्यंत बाहेर राहिला तर फसफसतो, म्हणून गाळल्याबरोबर फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवायचा. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे दुपारी चारच्या आत काचेची छोटी बाटली, पाव आणि दोन मेणबत्त्या पोचवायच्या. मधुमेह असेल तर बाटली अर्धीच द्या. किंवा सेवेकऱ्याने सूर्यास्तापर्यंत थांबून किद्दुश म्हणावं आणि प्यावं, त्यांनी ऐकलं तरी चालतं.

बाटली परत घ्यायला रविवारी जायचंच, आणि शक्यतो तोच माणूस. रिकामी, विसळलेली बाटली दाराजवळ ठेवलेली असली तर दोन शब्द बोलून निघता येतं. बाटली भरलेलीच फ्रिजमध्ये असेल, मेणबत्त्या पुडक्यातच असतील, तर बसायचं, काल काय जेवलात ते विचारायचं, औषधाच्या पट्टीतल्या गोळ्या मोजायच्या आणि तिथूनच फॅमिली डॉक्टरांना फोन लावायचा.